शांत आहे म्हणजे कसा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या जगण्याची प्रत मोजायला 26 प्रश्नांची एक प्रश्नावली केली आहे. गेले दोन आठवडे कसे गेले ते आठवायचं आणि एक ते पाच यांतला एक आकडा निवडायचा. झोप कशी लागते, आयुष्याला काही अर्थ आहे असं वाटतं का, गरजेपुरते पैसे हातात असतात का, मित्रांचा आधार मिळतो का, राहत्या जागेबद्दल समाधान आहे का, येण्याजाण्याची सोय कशी आहे. हा शेवटचा प्रश्न संध्याकाळी साडेसहाला अंधेरी स्टेशनच्या पुलावर विचारला, तर एकाच्या खालचा आकडा शोधावा लागेल.

पण जागा, पैसा, मित्र, फिरणं हे प्रश्न स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला कोण विचारतं? महापालिकेच्या रुग्णालयातल्या गर्दीच्या ओपीडीत वेळ असतो तो ठरलेल्या प्रश्नांपुरता. आवाज येतात का? गोळ्या घेतो का? झोपतो का? उत्तरही बहुतेक वेळा शेजारी बसलेली आई देते: "आता शांत असतो, डॉक्टर." प्रश्नावलीत एक प्रश्न लैंगिक समाधानाचाही आहे. आई शेजारी असताना तो विचारण्याची कोणाची छाती होणार! पण चाळिशीच्या माणसाला कोणी जवळचं हवंसं वाटत असेल, ही शक्यताच आपण त्याच्या फाइलमधून काढून टाकलेली असते.

घराला 'शांत' हा शब्द फार मोलाचा वाटतो, आणि त्यात चूक काही नाही. ज्या घराने रात्री-अपरात्री आरडाओरडा ऐकला आहे, शेजारी आपल्या अन्नात काहीतरी कालवतात या संशयापायी चार-चार दिवस उपाशी राहिलेला मुलगा पाहिला आहे, त्या घराला शांतता म्हणजे सुटका वाटणारच. अडचण पुढे सुरू होते. औषधांनी आवाज आणि संशय बऱ्याच जणांच्या बाबतीत आटोक्यात येतात. पण या आजाराची दुसरी बाजू असते: काही करावंसं न वाटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, बोलणं आटणं, माणसांत जायचा कंटाळा. त्यावर गोळ्यांचा फारसा इलाज चालत नाही. उलट काही औषधांनी दिवसा झापड येते, वजन वाढतं, हात कापतात, तोंडातून लाळ गळते. घाटकोपरहून सकाळी सातची लोकल पकडणारा भाऊ निघताना पाहतो, तर हा अजून पांघरुणात. संध्याकाळी परत येतो, तर हा त्याच जागी. मग 'आजारी' या शब्दाची जागा हळूहळू 'आळशी' घेतो. ज्या शहरात माणूस किती धावतो यावर त्याची किंमत ठरते, तिथे आजाराचं हे लक्षण स्वभावदोष म्हणून खपतं. आवाज ऐकू येणाऱ्याची लोकांना भीती तरी वाटते आणि तिच्या पोटी थोडी सबुरीही असते. नुसत्या पडून राहणाऱ्याच्या वाट्याला फक्त टोमणे येतात.

टोमण्यांवरही संशोधन झालेलं आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं दिसलं, की रुग्णालयातून बरा होऊन घरी गेलेला माणूस पुन्हा आजारी पडेल की नाही, याचा घरातल्या बोलण्याशी संबंध आहे. सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत आजार जास्त वेळा उलटतो. पुढे 1976 मध्ये व्हॉन आणि लेफ यांच्या अभ्यासातही हेच दिसलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट. अशा घरात माणूस नातेवाइकांच्या समोरासमोर आठवड्याला 35 तासांपेक्षा जास्त असेल, तर धोका वाढतो.

पस्तीस तास! म्हणजे दिवसाला पाच. वन रूम किचनमध्ये चार माणसं राहतात, आई दिवसभर घरात, वडील निवृत्त. तिथे हे पस्तीस तास सोमवारी सुरू होतात आणि बुधवारी संपतात. पुढे चंडीगडमधल्या कुटुंबांचा अभ्यास झाला, तेव्हा तिथे टीका आणि अतिकाळजी लंडनपेक्षा कमी आढळली. याचा आपल्याकडे अभिमानाने उल्लेख होतो. मला तो अभिमान जपून वापरावासा वाटतो. चंडीगडच्या त्या अभ्यासात खेड्यातलीही कुटुंबं होती. तिथे रुसलेल्या माणसाला शेताच्या बांधावर जाऊन बसता येतं. उपनगरात बाल्कनी असते, तीही आत घेतलेली. कुटुंब प्रेमळ असणं आणि कुटुंबाला एकमेकांपासून दूर व्हायला जागा असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसली की पहिलीही टिकत नाही. आई सारखी 'जेवलास का, गोळी घेतलीस का' विचारते, ती वाईट आई आहे म्हणून नव्हे. तो सतत तिच्या डोळ्यांपुढे असतो, एवढंच.

म्हणून या माणसांच्या जगण्याचा विचार करताना मला दुपार महत्त्वाची वाटते. अकरा ते पाच या वेळात हा कुठे जाईल? कोणाशी चार वाक्यं बोलेल? डे केअर केंद्राचा मोठा उपयोग हाच. तिथे मेणबत्त्या किंवा कागदी पिशव्या बनतात, त्याचे थोडे पैसे मिळतात, ते ठीकच. पण शर्ट बदलून घराबाहेर पडायचं कारण मिळतं आणि आईला घर मोकळं मिळतं, ही खरी कमाई. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने असं काम उभं केलं. बोरिवलीत राहणाऱ्याने मात्र त्यासाठी रोज ठाणं गाठायचं, तर औषधाच्या झापडीत दोन बस आणि घोडबंदर रोड. हे पहिल्या आठवड्यातच सुटतं.

पूर्वी चाळ हे काम थोडंफार करायची. चाळीचं कौतुक करणाऱ्यांतला मी नाही. 'वेडा' म्हणून पोरांनी मागे लागणं, बाहेरची बाधा आहे म्हणून अंगारे-धुपारे सुचवणं, बहिणीचं स्थळ मोडणं, हे सगळं चाळीनेच केलं. पण कोपऱ्यावरचा वाणी त्याला नावाने ओळखायचा, गॅलरीत उभं राहिलं की कोणीतरी दोन शब्द बोलायचं, भरकटला तर कोणीतरी हाताला धरून घरी आणायचं. आता घाटकोपरच्या पंतनगरपासून मुलुंडपर्यंत जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. संक्रमण काळात घरं दोन-तीनदा बदलतात, ओळखीचं केमिस्टचं दुकान सुटतं, नव्या गेटवरचा वॉचमन रोज 'किधर जाना है' विचारतो. ज्याला आधीच माणसांचा संशय येतो, त्याच्यासाठी हा प्रश्न रोजचा छळ होतो. घर क्षेत्रफळाने वाढतं आणि त्याचं जग मात्र लिफ्टपुरतं उरतं.

जग याहूनही आक्रसू शकतं, याचा पुरावा बोरिवलीनेच दिलेला आहे. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने करवंटीने गटारातलं पाणी पिणारा एक तरुण पाहिला आणि त्याला आपल्या दवाखान्यात आणलं. उपचारांनंतर कळलं, की तो आंध्रातल्या चांगल्या घरातला, शिकलेला मुलगा आहे. 1988 मध्ये त्यातून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभं राहिलं आणि पुढे कर्जतचं केंद्र. रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन संस्थेने घरी पोचवलं. 2018 मध्ये डॉ. भरत वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराच्या बातम्यांत भर होता तो घरभेटीच्या क्षणावर, आईने मारलेल्या मिठीवर. साहजिकच आहे. मात्र त्या दिवसानंतरच्या प्रत्येक महिन्याला गोळ्या लागतात, प्रत्येक दुपारी कुठेतरी जायचं असतं, आणि तिथे फोटो काढायला कोणी नसतं.

ज्यांना घरच परत घेत नाही, त्यांचा प्रश्न निराळा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 19 व्या कलमानुसार घरच्यांनी नाकारलं, घर नाही किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणावरून कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. तरीही ठाण्याच्या मनोरुग्णालयात बरी होऊनही वर्षानुवर्षं अडकून पडलेल्या एका स्त्रीचं प्रकरण डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं. कायद्याने ज्या निवाऱ्यांचं वचन दिलं, ते पुरेसे उभेच राहिले नाहीत.

2016 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात अपंगत्वाचे जे 21 प्रकार आहेत, त्यांत मानसिक आजारही आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की काही सवलती मिळतात, नोकरीत राखीव जागेसाठी अर्ज करता येतो. मोजमाप स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद आणि काम या चार गोष्टींवर होतं. खूप घरांत मात्र हे प्रमाणपत्र काढलंच जात नाही, किंवा काढून कपाटात तळाशी ठेवलं जातं. धाकटीचं लग्न व्हायचं असतं.

आणि मग आईवडील सत्तरी ओलांडतात. आधारगटांच्या बैठकांत कुठल्याही विषयावरून चर्चा सुरू झाली तरी ती एकाच ठिकाणी येऊन थांबते: "आमच्यानंतर काय?" 'देवराई' या 2004 च्या चित्रपटात अतुल कुलकर्णीने रंगवलेल्या शेषला सांभाळायला बहीण पुढे येते. या चित्रपटामागे उभे असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीलाच हा आजार होता, आणि ते त्याबद्दल उघड बोलत. प्रत्येकाला अशी बहीण असत नाही, आणि असलीच तर तिने होकार द्यावा हे गृहीत धरणंही अन्यायाचंच. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांना कायदेशीर पालकत्वाची सोय आहे. स्किझोफ्रेनिया त्यात बसत नाही. मग वकिलाकडे जाऊन मृत्युपत्र करायचं, खाजगी न्यास करायचा, सोसायटीत नॉमिनेशन भरायचं. फ्लॅट त्याच्या नावावर होतो. दूध कोण घेणार, लाइटबिल कोण भरणार, गोळ्या संपल्याचं कोणाच्या लक्षात येणार, हे कुठल्याही कागदावर लिहिता येत नाही.

एरवी मुंबईत माणसं असतात आणि जागा नसते. इथे दोन खोल्या रिकाम्या असतात आणि माणूस मिळत नाही. तो माणूस मनोविकारतज्ज्ञ असायची गरज नाही. तामिळनाडू, गोवा आणि महाराष्ट्रात झालेला एक अभ्यास 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते 282 पैकी बहुसंख्य रुग्णांच्या घरी जात राहिले. नुसत्या ओपीडीपेक्षा याने लक्षणं आणि अडचणी थोड्या जास्त कमी झाल्या. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण खरा होता. टॉवरमधली कुटुंबं वॉचमनचा, लिफ्टचा, स्विमिंग पूलचा खर्च वाटून घेतात. एका वसाहतीतल्या तीन-चार घरांनी मिळून असा एक कार्यकर्ता ठेवला, तर तो हिशेबात बसतो. घोडं अडतं ते त्याआधी. आपल्या घरात असा कोणी आहे, हे त्या तीन-चार घरांनी एकमेकांना सांगायचं कसं?