दशांशानंतरचे चार आकडे

ज्या पठाराबद्दल मी लिहिते आहे, त्याचं नाव या लेखात येणार नाही. तालुकाही येणार नाही. सुरुवातीलाच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत शोधत बसून कुणाची निराशा व्हायला नको.

सह्याद्रीच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार आहे ते. मे महिन्यात गेलात तर नुसता तापलेला काळपट कातळ दिसेल. पाऊस सुरू झाला की त्याच कातळाच्या फटींत, बोटभर मातीत, इतकं काही उगवतं की पाय कुठे ठेवायचा कळत नाही. वनस्पतिशास्त्रातल्या पीएच.डी.साठी मी विद्यापीठातून तिथे जायचे. माझा विषय कंदीलपुष्पं, म्हणजे सेरोपेजिया. फूल खरोखरच कंदिलासारखं असतं. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला छोटा पिंजरा. वासाला भुलून बारीक माश्या नळीत उतरतात आणि आतल्या केसांमुळे अडकतात. केस सुकले की परागकण अंगावर घेऊन बाहेर पडतात. पावसाळा संपला की वेल वाळते आणि पुढचे कित्येक महिने जमिनीखाली फक्त कंद उरतो. यातल्या बऱ्याच जाती सह्याद्री सोडून जगात कुठेच नाहीत.

पहिल्या वर्षी दोन आठवडे मी पठार पालथं घातलं. हवी असलेली जात एकदाही दिसली नाही. तिसऱ्या आठवड्यात म्हशी राखणारे एक मामा भेटले. धनगरवाड्यावरचे, सत्तरीच्या पुढचे. मी मोबाइलवर फोटो दाखवला. ते हसले. "हितं न्हाय घावायचं त्ये. चल, दावतो."

अर्ध्या तासात मी त्या वेलींसमोर उभी होते. मामांनी तो कंद लहानपणी गुरांमागे फिरताना खाल्लेला. मोठा कंद घ्यायचा, बारका परत पुरायचा, अशी त्यांच्या घरची रीत. मी मोजले. 63 वेली. प्रत्येकीपाशी जीपीएस धरून अक्षांश-रेखांश टिपले. त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही.

पुढे शोधनिबंध झाला. पहिल्या खर्ड्यात मी जागेचं वर्णन मोघम ठेवलं होतं, मुद्दाम नाही, आळसानेच. परीक्षकाचा शेरा आला : ठिकाणाचे अचूक अक्षांश-रेखांश द्यावेत. मी दिले. दशांशचिन्हानंतर चार आकडे. निबंध छापून आला, कुणालाही फुकट वाचता येईल असा. आभारात मी 'स्थानिक ग्रामस्थ' असं लिहिलं. मामांचं नाव नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात गेले तेव्हा तिथे खड्डे होते. मोजले. वेली 19 उरल्या होत्या.

मी स्वतःची समजूत काढली की रानडुकरांनी उकरलं असेल. साळिंदरही कंद खातं. मामा खड्ड्याशी बसले आणि त्यांनी आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. "डुकरानं उकरलं तर माती चहूकडं उडती, पोरी. ही पहार हाय." मग थोड्या वेळाने विचारलं, "तू कुनाला सांगितलं व्हतंस?"

मी जगाला सांगितलं होतं.

खड्डे माझ्याच निबंधामुळे पडले, हे मला सिद्ध करता येत नाही. दुर्मीळ वनस्पतींचे हौशी संग्राहक असतात, विकणारे असतात, आणि एखादा माझ्यासारखाच विद्यार्थीही नमुन्यांसाठी येऊन गेला असेल. पण दशांशानंतर चार आकडे म्हणजे साधारण अकरा मीटरची अचूकता. माझ्या निबंधाआधी ती जागा जाणून घ्यायला मामांची ओळख लागायची. निबंधानंतर फक्त मोबाइल पुरेसा होता.

तेव्हापासून एक प्रश्न सुटत नाही. एखादी गोष्ट खरी आहे, मी ती कष्टाने शोधली आहे, तर ती सगळ्यांना सांगणं हे नेहमीच चांगलं का?

विज्ञानाचं उत्तर ठरलेलं आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1942मध्ये विज्ञानाची चार मूल्यं मांडली. त्यातलं एक म्हणजे ज्ञान ही सामायिक मालमत्ता. संशोधकाने ते दडवून ठेवता कामा नये. याला कारण आहे. मी म्हणाले 'अमुक वनस्पती तिथे आहे' आणि 'तिथे' म्हणजे कुठे ते सांगितलं नाही, तर दुसऱ्याने ते तपासायचं कसं? न तपासता मान्य करायचं, तर ते विज्ञान राहत नाही, माझ्यावरची श्रद्धा होते. त्या परीक्षकाचा शेरा चुकीचा नव्हता.

पण याच खुलेपणाची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. 1999मध्ये दक्षिण चीनमधल्या एका पालीचं, गोनिओरोसॉरस लुई हिचं, शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. दिसायला देखणी, त्यामुळे पाळीव प्राण्यांच्या बाजारात लगेच मागणी आली. जिथून तिचं वर्णन झालं, त्या जागेवरून ती काही वर्षांतच नाहीशी झाली. नंतर तिच्या नात्यातल्या नव्या पाली सापडल्या, तेव्हा संशोधकांनी नेमकं ठिकाण छापायचं टाळलं. 2017मध्ये डेव्हिड लिंडेनमायर आणि बेन शील या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 'सायन्स'मध्ये उघडपणे मांडलं की दुर्मीळ जातींची ठिकाणं प्रसिद्ध करू नयेत.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून अवघड आहे, कारण त्यात खलनायक सापडत नाही. नरक्या नावाचं झाड सह्याद्रीत आहे. कॅम्प्टोथेसिन हे रसायन मन्सुख वानी आणि मन्रो वॉल यांच्या गटाने 1966मध्ये एका चिनी झाडातून वेगळं केलं. 1972मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांना तेच रसायन नरक्यात सापडलं. त्यापासून तयार झालेली टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन ही औषधं आज कर्करोगावर वापरतात. आणि त्याच संशोधनामुळे आपल्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड झाली, ट्रकच्या ट्रक भरून. तुमच्या घरात कुणी या औषधावर जगलं असेल, तर त्या माणसासमोर 'हे ज्ञान झाकून ठेवायला हवं होतं' असं मी म्हणू शकत नाही. पण तोडलेल्या रानासमोर उभं राहून 'आम्ही फक्त रसायन शोधलं, पुढचं आमच्या हातात नव्हतं' असंही म्हणवत नाही.

मग गप्प बसावं का? खड्डे पाहिल्यावर काही महिने माझं उत्तर 'हो' असंच होतं. मग एक दिवस त्या पठाराचा सातबारा पाहिला. जमिनीपुढे नोंद होती : पोटखराबा. म्हणजे लागवडीला अयोग्य. जांभ्याची पठारं सरकारी कागदांवर अनेक ठिकाणी पडीक म्हणूनच राहतात. उद्या तिथे खाण आली, पवनचक्क्या आल्या, रिसॉर्ट आलं, तर पर्यावरणाचा अहवाल लिहिणारा माणूस मे महिन्यात येईल, तापलेला कातळ पाहील आणि लिहील की इथे विशेष काही नाही. तेव्हा माझी नोंद कुठेच नसेल, तर त्याला खोटं कसं पाडणार? पहार घेऊन आलेल्या माणसाने 44 वेली नेल्या. जेसीबी एका दुपारी सगळं पठार नेईल. सांगितलं तर चोर येतो, न सांगितलं तर विकास येतो.

या पेचातून बाहेर पडण्याचा मार्ग मला मामांच्या एका वाक्यात दिसला. मी त्यांची माफी मागायला गेले होते. ते रागावले नाहीत, म्हणूनच जास्त लागलं. म्हणाले, "म्या तुला दावलं. तू फुडं कुनाला दाव, असं म्या म्हनलं न्हवतं. आन तू इचारलंबी न्हाईस."

तोवर मी हा प्रश्न 'मी आणि जग' असा मांडत होते. मी सांगू की झाकू? जणू ते ज्ञान माझ्यापासून सुरू झालं होतं. निबंधात मी 'आढळली' असा शब्द वापरला होता. कुणाला आढळली? मामांच्या घरात ती तीन पिढ्या माहीत होती. त्यांच्याकडेही माहिती खुली नव्हती आणि गुप्तही नव्हती. ती ज्याला देत, त्याला सोबत रीतही देत : बारका कंद परत पुरायचा. मी त्यातली माहिती तेवढी उचलली आणि रीत तिथेच सोडली.

'ज्ञान सगळ्यांचं आहे' या वाक्यात एक सोय लपलेली आहे, असं मला आता वाटतं. सगळ्यांचं म्हटलं की त्याची जबाबदारी कुणा एकाची उरत नाही. निबंध छापला की माझं काम संपलं आणि मला एक प्रकाशन मिळालं. धोका मात्र ना मला होता, ना परीक्षकाला. तो वेलींना होता आणि पठारावर राहणाऱ्या माणसांना. फायदा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची असेल, तर त्या दुसऱ्याला आधी विचारणं हा सौजन्याचा भाग नाही, न्यायाचा आहे.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेते. मामा 'नको' म्हणाले असते तर? एका माणसाच्या नकाराने विज्ञान थांबायचं का? नाही. पण सांगणं आणि न सांगणं यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. दशांशानंतर चारऐवजी दोन आकडे लिहिले, तर अकरा मीटरचा सुमारे एक किलोमीटर होतो. पठार वाचवायला तेवढं पुरतं, वेल उपटायला पुरत नाही. पूर्ण आकडे वनस्पतिसंग्रहालयात ठेवता येतात. ज्याला तपासायचं आहे त्याने कारण सांगून मागावेत. 2002च्या जैवविविधता कायद्यात गावपातळीवर समितीची आणि लोकजैवविविधता नोंदवहीची तरतूद आहे. तपशील आधी त्या वहीत जावा, मग जर्नलमध्ये. हे काही परिपूर्ण नाही. कोण खरा अभ्यासक आणि कोण संग्राहक हे ठरवणाऱ्याच्या हाती सत्ता येते, आणि सत्ता चुकते. तरी कुणीतरी विचार करून चुकणं मला आपोआप चुकण्यापेक्षा बरं वाटतं.

तुम्ही संशोधक नसाल, तरी हा प्रश्न तुमच्या खिशात आहे. पावसाळी ट्रेकला काढलेल्या फुलाच्या फोटोत जागेची नोंद असू शकते. आयनॅचरलिस्टसारखं अॅप धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं. इन्स्टाग्राम फूल ओळखत नाही. तिथे लोकेशन टाकायचं की नाही, हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

माझा प्रबंध आता लिहून होत आला आहे. नकाशात दोन आकडे आहेत. आभारात मामांचं नाव आहे, त्यांना विचारून.

गेल्या सप्टेंबरात निघताना ते म्हणाले, पलीकडच्या अंगालाही तशाच वेली आहेत, हितल्यापेक्षा जास्त. दावू का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही मागितलं नाही. त्यामुळे त्या पठारावरच्या एकूण संख्येचा माझा अंदाज अपुरा आहे. प्रबंधात मी तसं लिहिलं आहे. तोंडी परीक्षेत कुणीतरी कारण विचारणारच. तेव्हा मी हे सगळं सांगणार आहे, जागा सोडून.