प्रतिकारशक्तीला आवर हवा

रक्ततपासणीचा रिपोर्ट हाती आला की आपली नजर हिमोग्लोबिनवर जाते, फार तर साखरेवर. त्याच कागदावर ‘न्यूट्रोफिल्स’ अशी एक ओळ असते. तिच्यापुढे बहुधा ५० ते ७० टक्क्यांच्या मधला आकडा असतो आणि आपण तो वाचतही नाही. म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या निम्म्याहून अधिक पेशी या एकाच जातीच्या. अस्थिमज्जेत त्या रोज सुमारे १०० अब्ज तयार होतात आणि फार काळ जगत नाहीत.

जंतू गिळायचा किंवा त्याच्यावर जहाल द्रव्ये सोडायची, एवढेच या पेशींचे काम, असे शतकभर मानले गेले. पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणाऱ्या मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेलही मिळाले होते. मग २००४ मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतील फोल्कर ब्रिंकमन, आर्तुरो झिचलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरा मार्ग दाखवला. न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए बाहेर टाकून त्याच्या जाळ्यात जंतूंना अडकवते.

हे घडते कसे? जंतूची चाहूल लागताच पेशीत ऑक्सिजनची दाहक संयुगे तयार होतात. एरवी बंदिस्त असलेले इलास्टेज हे विकर केंद्रकात शिरते. दुसरे एक विकर हिस्टोन प्रथिनांवरचा विद्युतभार बदलते आणि त्यांच्याभोवती घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल पडतो. केंद्रकाचे आवरण फाटते, मग पेशीचेही. सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल एवढा डीएनए चिकट धाग्यांच्या रूपात बाहेर येतो आणि त्या धाग्यांवर जंतुनाशक प्रथिने लागलेली असतात. या साऱ्याला दोन-चार तास लागतात. बहुतेक वेळा त्यात पेशीचा जीव जातो.

या जाळ्यांचे मोल ती नसताना कळते. एका आनुवंशिक विकारात ही दाहक संयुगे तयारच होत नाहीत, त्यामुळे जाळीही नीट विणली जात नाहीत आणि ॲस्परजिलस ही साधी बुरशी फुप्फुसात ठाण मांडते. असा विकार असलेल्या एका मुलाच्या पेशींना जनुकोपचारानंतर जाळी विणता येऊ लागली आणि बुरशी आटोक्यात आली, अशी नोंद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. जंतूही काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. घसा सुजवणारे काही स्ट्रेप्टोकोकस जंतू डीएनए कापणारे विकर सोडून जाळ्यातून निसटतात.

पण जाळ्याला आपपर कळत नाही. जंतूला मारणारे हिस्टोन रक्तवाहिनीच्या अस्तरालाही इजा करतात. सुक्याबरोबर ओलेही जळते. धाग्यांना प्लेटलेट्स आणि तांबड्या पेशी चिकटून गुठळी धरते, हे २०१० मध्ये दिसून आले. कोविडच्या गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांतही ही जाळी सापडली.

प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या ल्यूपस या आजाराचे उदाहरण अधिक बोलके आहे. आपल्या रक्तात डीएनए कापणारी विकरे असतात. काम संपलेली जाळी तीच साफ करतात. ल्यूपसच्या काही रुग्णांत ही सफाई नीट होत नाही. बाहेर पडून राहिलेल्या स्वतःच्याच डीएनएविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि अशा रुग्णांत मूत्रपिंडाला झळ पोहोचण्याचे प्रमाण अधिक आढळले. इथे सैन्य कमी पडले नव्हते, आवराआवर कमी पडली होती.

मग जाळी विणणेच बंद करावे का? गाउट या सांध्यांच्या आजाराचा अनुभव वेगळे सांगतो. युरिक आम्लाच्या स्फटिकांभोवती न्यूट्रोफिल्सची दाटी झाली की जाळ्यांचे पुंजके बनतात आणि त्यांतली विकरे दाह भडकवणारी प्रथिनेच तोडून टाकतात. सुजलेला अंगठा आपोआप शांत होतो, त्यामागे हेही एक कारण आहे. जे जाळे रक्तवाहिनीत घातक, तेच सांध्यात दाह शमवणारे.

म्हणूनच कोविडकाळापासून घराघरांत शिरलेली ‘इम्युनिटी बूस्टर’ ही कल्पना मला पटत नाही. तिच्यात असे गृहीत धरलेले असते की प्रतिकारशक्ती म्हणजे जितकी जास्त तितकी चांगली. प्रत्यक्षात ती योग्य जागी, बेताने जागी व्हावी लागते आणि काम झाल्यावर थांबावीही लागते. लस नेमका शत्रू ओळखायला शिकवते. बाटलीतला काढा ते शिकवू शकत नाही. ल्यूपसच्या रुग्णाला तर डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. घरात असा रुग्ण असेल, तर जाहिरात पाहून आणलेली ‘ताकदीची’ गोळी त्याला देण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.