धाब्याला कठडा

आजचे वाचन : अनुवाद २२:१-८
सोबत वाचा : मत्तय ४:५-७; मत्तय ६:१-४; लूक १५:३-७



अनुवादाचा २२ वा अध्याय आपण बहुतेक वेळा भरभर वाचून पुढे जातो. हरवलेला बैल, पक्ष्याचं घरटं, घराचा कठडा, द्राक्षमळ्यातलं बी. एकामागून एक नियम, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय ते पटकन कळत नाही. आज यातली दोनच वचनं शेजारी ठेवून वाचू या, चौथं आणि आठवं.

चौथ्या वचनात आपल्या भावाचं गाढव किंवा बैल वाटेत पडलाय. तो डोळ्यांना दिसतो. मोशे सांगतो, बघून न बघितल्यासारखं करू नका, हात लावा आणि त्याला उठवा. आठव्या वचनात मात्र कोणीच पडलेलं नाही. नवीन घर बांधून झालंय, घरात आनंद आहे. त्या काळी तिकडची घरं धाब्याची असत. लोक धाब्यावर उठत-बसत, झोपत. राहाबने हेरांना धाब्यावरच लपवलं होतं, आणि पेत्र प्रार्थना करायला धाब्यावरच गेला होता. म्हणून देव घरमालकाला सांगतो की धाब्याला आधी कठडा बांध. तो नसताना कोणी पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल.

दोन्ही आज्ञा एकाच अध्यायात आहेत, मध्ये फक्त तीन वचनांचं अंतर. पडलेल्याला उठवणं ही प्रीती आहे, आणि कोणी पडू नये म्हणून आधीच भिंत घालणं हीसुद्धा प्रीतीच आहे. दुसरी जास्तीची किंवा ऐच्छिक नाही. देवाने ती रक्ताच्या दोषाइतकी गंभीर धरली आहे.

हे सगळं आज लिहायला एक कारण घडलं. आमच्या सहभागितेतली एक बहीण नर्स आहे, बरीच वर्षं वॉर्डात काम केलेली. यंदा तिला एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळाला. प्रार्थनासभेत तिने विनंती मांडली. कायमची नोकरी सोडायची आहे, शिक्षणासाठी कर्ज काढायचं आहे, घरच्यांना पटत नाहीये. तेव्हा आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या काकांनी अगदी मायेने विचारलं, "बाळा, म्हणजे आता तू पेशंटला हात लावणार नाहीस का?"

प्रश्न खोटा नाही. आपल्या प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं. आपल्या आजी-आजोबांनी मिशन दवाखान्यांत ख्रिस्ताची प्रीती पाहिली ती नर्सबाईंच्या हातांत. मग आकडे, नकाशे, सर्व्हे आणि संगणक यांत बसणं हे पाचारण कसं? यात एमबीबीएससारखा गळ्यातला स्टेथोस्कोप नाही. साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्यसेवेचं धोरण व व्यवस्थापन, माणसांच्या सवयी आणि समाज, असे विषय. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हे शिकवतात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्येही शिकवतात. पण मंडळीतल्या बऱ्याच जणांना अजून वाटतं की डॉक्टर किंवा नर्स म्हणजे सेवा, आणि हे म्हणजे ऑफिस.

मला वाटतं, याचं उत्तर आठव्या वचनात आहे. आणि ते वचन जगलेली माणसंही आपल्याला ठाऊक आहेत.

घरोघरी जाणारा पाळक

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. थोड्याच दिवसांत सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या काळी मोठमोठे डॉक्टर म्हणत, रोग घाणेरड्या हवेतून येतो. डॉ. जॉन स्नो म्हणाले, हवेतून नाही, पाण्यातून. कोणत्या घरात किती माणसं मेली ते त्यांनी मांडलं, आणि मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती दाटलेले दिसले. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. साथरोगशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट हमखास येते.

पण या गोष्टीत एक पाळकही आहे, आणि त्याचं नाव कमी घेतलं जातं. हेन्री व्हाइटहेड हा तिथल्या सेंट ल्यूक मंडळीचा तरुण सहायक पाळक. स्नोंचं म्हणणं त्याला आधी पटलं नव्हतं. ते चूक आहे हे दाखवायला म्हणून तो चौकशीला लागला. ती घरं त्याच्या ओळखीची होती, कारण आजाऱ्यांना भेटायला आणि मरणाऱ्यांजवळ बसायला तो तिथे रोजच जात होता. पुन्हा पुन्हा दारं ठोठावून तो विचारत राहिला, पाणी कुठलं प्यायलात? आजारी पडलेल्यांनाच नाही, न पडलेल्यांनाही. शेवटी त्याचंच मत बदललं. त्या पंपाशेजारच्या घरात एक तान्हं बाळ आधी आजारी पडलं होतं, आणि त्याच्या दुपट्यांचं पाणी विहिरीजवळच्या संडासाच्या खड्ड्यात टाकलं गेलं होतं, हे त्यानेच शोधून काढलं.

बघा, पाळकाच्या गृहभेटी आणि साथीचा शोध, दोन्हींसाठी उंबरठे तेच होते. आणि सत्य आपल्या मताविरुद्ध गेलं तरी ते मान्य करणं, ही तर ख्रिस्ती माणसाची खूणच.

मोजणं पाप आहे का?

काही जण म्हणतात, आकड्यांमध्ये माणूस हरवतो. हा धोका खरा आहे. दाविदाने शिरगणती केली (२ शमुवेल २४) ती आपलं बळ पाहायला, आणि त्याची त्याला मोठी किंमत द्यावी लागली. पण लूक १५ मधला मेंढपाळही मोजतोच की. शंभरातलं एक नाही, हे त्याला कळलं कसं? संध्याकाळी तो मोजत होता म्हणून. न मोजणाऱ्या मेंढपाळाला नव्याण्णव आणि शंभर सारखेच दिसले असते, आणि ते एक रात्रभर काट्यांत अडकून पडलं असतं.

तेव्हा प्रश्न मोजण्याचा नाही, कशासाठी मोजतो याचा आहे. अहवाल चांगला दिसावा म्हणून, की जे नोंदीतच नाही ते लेकरू सापडावं म्हणून? ऊसतोड कामगारांबरोबर फिरणारं बाळ, लसीकरणाच्या दिवशी गावात नसणारं बाळ, त्याचं नाव कोणत्या वहीत असतं? जैवसांख्यिकीचा पेपर देणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुमच्या तक्त्यातला प्रत्येक शून्य आणि प्रत्येक एक हे कोणाचं तरी कोकरू आहे. हे विसरला नाहीत, तर अभ्यासाचं टेबलसुद्धा वेदी होईल.

जामखेडची साक्ष

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती डॉक्टर. नगर जिल्ह्यात वडाळा इथल्या मिशन दवाखान्यात त्यांनी काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं की तेच ते आजार घेऊन माणसं पुन्हा पुन्हा येतात. इथे बरी होतात, गावी जातात, तेच पाणी पितात आणि परत येतात. चौथं वचन ते मनापासून पाळत होते, पण गावातल्या धाब्यांना कठडे नव्हते.

पुढे ते अमेरिकेला गेले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. अशी पदवी हातात असताना कुठेही छान बस्तान बसलं असतं. पण १९७० मध्ये ते जामखेडला आले, दुष्काळी, गरीब, दूरच्या तालुक्यात. लोकांना आधी औषध नको होतं, पाणी आणि अन्न हवं होतं. म्हणून काम तिथून सुरू झालं. हातपंप बसवायचे तर ते दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागलं. हे वाचताना मला सुखार गावची विहीर आठवते. तिथेही प्रभूने पाणी मागितलं आणि शिवाशिवीची भिंत हलली.

मग प्रत्येक गावातून एक-एक बाई निवडली. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर, काही दलित, काही टाकलेल्या. त्यांना शिकवलं. बाळंतपण, पाणी उकळणं, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मीठ-पाणी देणं, मुलाचं वजन घेणं. १९७१ मध्ये तिथे हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा ३० च्या खाली आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण कठडा खऱ्या अर्थाने बांधला तो त्या गावच्या बायांनी.

आणि हे लक्षात ठेवा, आरोळे दांपत्याने जामखेडला दवाखानाही चालवला. पडलेल्याला उठवणं सोडून दिलं नाही. आमच्या काकांच्या प्रश्नाला माझ्या मते हेच उत्तर आहे. हात लावणं थांबत नाही, तो हात फक्त आणखी लांब पोहोचतो.

"देव राखील" म्हणणाऱ्यांसाठी

विश्वास ठेवणाऱ्याला कठडा कशाला, असंही कधी कधी ऐकू येतं. लस, मास्क, पाणी तपासणं, हे सगळं अविश्वासाचं लक्षण मानणारी माणसं आपल्यातही आहेत. त्यांनी मत्तय ४ वाचावं. सैतानाने प्रभूला मंदिराच्या उंच टोकावर उभं केलं आणि सांगितलं, उडी मार, देवदूत झेलतील. प्रभूने त्याला नकार दिला, कारण ती देवाची परीक्षा पाहणं झालं असतं. झेलणारा देव आहे म्हणून कठडा पाडायचा नसतो. ज्या देवाने झेलायचं वचन दिलं, त्यानेच कठडा बांधायची आज्ञाही दिली.

कोणी आभार मानणार नाही

शेवटी, हे शिकणाऱ्यांना एक खरी गोष्ट सांगायला हवी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे मध्यरात्री सर्व्हर पडला आणि कोणी तो उभा केला, की दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने टाळ्या वाजतात. ज्याने सहा महिने आधी ती चूक पकडून सर्व्हर पडूच दिला नाही, त्याचं नाव कोणाला माहीत नसतं. काही घडलंच नाही ना!

तुमच्या कामाचंही असंच होईल. ऑपरेशन झालेला माणूस मिठाई घेऊन येतो. ज्या बाळाला गोवर झालाच नाही, त्याची आई तुमचं नावही ऐकणार नाही. रविवारी मंडळीत कोणी उभं राहून साक्ष देत नाही की "मी धाब्यावरून पडलो नाही". कर्जाचे हप्ते चालू असतील, नातेवाईक विचारतील, "एवढं शिकून नेमकं करतेस काय?" ते दिवस जड जातील.

त्या दिवसांसाठी मत्तय ६ आहे. गुप्तपणे केलेलं दान पाहणारा पिता आहे, असं प्रभू सांगतो. जो रोग झालाच नाही, तोही त्याने पाहिला आहे. जे माणूस पडलंच नाही, ते त्याला नावानिशी ठाऊक आहे. आपण ज्याचा चेहरा कधी पाहणार नाही, तोही आपला शेजारी आहे, आणि त्याच्यावर प्रीती करायची एक वाट म्हणजे कठडा.

स्वतःला विचारू या

१. माझ्या घरात, कामात, मंडळीत असा कोणता धाबा आहे जिथे अजून कोणी पडलं नाही, म्हणून मी कठडा बांधला नाही?

२. आपल्या मंडळीत कोणी सार्वजनिक आरोग्य शिकत असेल, आशाताई किंवा आरोग्यसेविका असेल, तर डॉक्टर-नर्ससाठी करतो तशी प्रार्थना आपण त्यांच्यासाठी करतो का?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू पडलेल्यांना उठवणारा आहेस, आणि आम्ही पडू नये म्हणून जागणाराही तूच आहेस. जे आज पुस्तकं, तक्ते आणि नकाशे घेऊन बसले आहेत त्यांना शहाणपण दे. आकड्यांमागची लेकरं त्यांना दिसू दे. त्यांच्या घरच्यांच्या मनातली भीती दूर कर, त्यांच्या गरजा पुरव. कोणी आभार मानले नाहीत तेव्हा तुझी नजर त्यांना पुरेशी असू दे. आणि आम्हा सर्वांना न दिसणाऱ्या शेजाऱ्यावरही प्रीती करायला शिकव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.