पडण्याची भीती कोणाची?

वृद्ध आईवडिलांना बदलीच्या गावी आणले, की आमची पहिली आज्ञा ठरलेली: "उठू नका, पडाल." तीत माया किती आणि आमच्याच भयाचे निवारण किती? भय निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडून मरतात. परंतु बसवून ठेवलेल्या माणसाच्या पायांतले बळ ओसरते आणि पडण्याचा संभव उलट वाढतो. न्हाणीघरात धरावयास दांडा, रात्री वाटेवर दिवा, घसरणारी सतरंजी दूर. एवढे सरकारी बंगल्यातही जमते (अर्ज दोनदा करावा लागेल, इतकेच). एवढे करूनही आई पहाटे एकटीच तुळशीला पाणी घालावयास निघाली, तर ती जोखीम तिची. मुलाने वडीलकीच्या थाटात तो अधिकार हिरावून घ्यावा, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही.