उपरा कोण?

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे) ‘उपरा’ हा शब्द मोठा चिवट आहे. 1972 च्या दुष्काळात पोटामागे गावात आलेल्या माणसाचा नातू आज चावडीवर बसून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो; पण बांधावरून भांडण जुंपले की त्याला ऐकावेच लागते, “तुम्ही मूळचे इथले नव्हेत!” हे ‘मूळचे’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न मला एका क्षुद्र चिलटाने घातला.

राहात्याचे पेरू प्रसिद्धच आहेत. पिकला पेरू दोन दिवस घरात राहिला, की तांबड्या डोळ्यांची इवली चिलटे त्याच्याभोवती जमतात. बागाइतदाराच्या पेरूत अळ्या पाडणारी फळमाशी ती निराळी; ही बिचारी नासक्या फळावर जगणारी. शास्त्रज्ञ हिला ड्रोसोफिला म्हणतात. 1910 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन यांनी याच माश्या बाटल्यांत पाळून आनुवंशिकतेचे कोडे उलगडले. बाटल्यांत अशा पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या माश्या आणि रानातून नव्याने धरलेल्या माश्या यांत पुढे एक विलक्षण भेद आढळला. रानातला नर आणि बाटलीतली मादी यांची संतती बहुधा वांझ निघे. जोडी उलट जमवावी, तर सारे सुरळीत!

याला कारण ‘पी’ नावाचे एक उडते जनुक. एका जागेवरून सुटून दुसरीकडे जाऊन बसणारे असे तुकडे असतात, हे बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून ओळखले होते. त्याबद्दलचे नोबेल त्यांना 1983 मध्ये मिळाले. ‘पी’ हे अमेरिका खंडातल्या दुसऱ्याच जातीच्या माशीचे. विसाव्या शतकात ते या माशीत शिरले आणि काही दशकांत जगभरच्या रानमाश्यांत पसरले. बाटलीतल्या माश्या तेवढ्या ‘शुद्ध’ राहिल्या, आणि शुद्ध राहिल्या म्हणूनच असहाय ठरल्या. रानातल्या माद्या मात्र ‘पी’ला आवर घालणारे सूक्ष्म रेणू अंड्यातूनच लेकरांना देऊ लागल्या होत्या.

आणखी एक नवल. या माशीच्या गुणसूत्रांची टोके झिजू न देण्याचे काम फार जुने उडते तुकडेच करतात. एके काळचे आगंतुक, आज वेशीवरचे राखणदार! आणि आपले तरी काय? माणसाच्या जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग असल्याच तुकड्यांपासून झालेला आहे.

यावरून ‘येईल त्याला पाट मांडा’ असा उपदेश कोणी काढील, तर तो खोटा होईल. ‘पी’ने खरोखरीच वंश खुंटवले. शिवाय माशीला धर्म नाही, अधर्मही नाही. तिच्यापासून नीती शिकू म्हणणारा फसेल. निसर्ग आपली एक सबब मात्र काढून घेतो, ती मूळचेपणाची. पेरू अमेरिकेचा, माशी आफ्रिकेची, तिच्यातले ‘पी’ पुन्हा अमेरिकेचे. दिवाळीच्या चिवड्यातला शेंगदाणा आणि मिरचीसुद्धा तिकडचीच. तरी राहात्याचा पेरू राहात्याचाच, आणि चिवडा आईच्या हातचाच!

माणसाचा न्याय करायचाच, तर तो कसा वागला यावरून करावा, केव्हा आला यावरून नव्हे. हे अवघड आहे खरे. ‘केव्हा आलास?’ असे कोणालाही विचारता येते; ‘कसा वागलास?’ हे विचारणाऱ्याला आधी स्वतःचे वागणे तपासावे लागते.