रुक्मिणीला घर देणारं गाव


आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ५०.

जरासंधाच्या सतरा स्वाऱ्या झाल्या होत्या. अठरावी होणार, तेवढ्यात कालयवनानं मथुरेला वेढा घातला. तेव्हा भगवंतानं आधी काय केलं? समुद्रात द्वारका वसवली आणि मथुरेची माणसं तिथं सुखरूप नेली. शत्रूचं नंतर पाहिलं, आधी घरं, रस्ते, बागा. म्हणजे द्वारका हे मुळात गाव सोडून आलेल्यांचं गाव!

आता चार अध्याय पुढे जा. त्याच द्वारकेत आपल्या कौंडण्यपूरची रुक्मिणी येते. वर्धेकाठची लेक. भाऊ वैरी झालेला, माहेर सुटलेलं. आणि भागवत सांगतं, त्या दिवशी द्वारकेत घरोघरी उत्सव झाला. ज्यांचं स्वतःचं गाव सुटलं होतं, त्यांनीच आपल्या लेकीला आपलं म्हटलं.

इथं मी आज अडखळले.

महिन्याभरापूर्वी आमच्या अकोल्याच्या वाड्यात ओडिशाहून एक कुटुंब राहायला आलं. इथं नळ रोज येत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? नळाच्या दिवशी मी माझे ड्रम भरले, पण त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची लहानगी बादली घेऊन दारात उभी. पाणी दिलं, पण तोंड वाकडं करून. वर वाड्याच्या ग्रुपवर लिहिलं, ‘बाहेरच्यांना काही कळत नाही.’

काल अमरावतीला आजीशी फोनवर बोलताना हे सहज सांगून गेले. आजी गप्प झाली. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं अमरावतीत रामपुरी कॅम्पात राहिली, तेव्हा ती लहान होती. मग म्हणाली, “माह्यी माय म्हणे, भाषा मागून शिकतीन, पयले त्याईले विहीर दाखव.”

रोज पारायण करणारी मी, आणि मला एवढं सुचलं नाही! रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी कौंडण्यपूरहून पंढरीला जाते, तेव्हा आपण ‘आमची रुक्माई’ म्हणून मिरवतो. पण आपल्या लेकीला परक्या गावानं सांभाळलं, हे ऋण कोण फेडणार?

नळ परवा येणार आहे. आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जाऊन सांगते. आणि माफी ग्रुपवरच मागते, कारण बोलले तिथंच होते.

तुमच्या शेजारी कुणी नवं आलंय का? त्यांना आधी काय माहीत हवं? आजच सांगून या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥