नेसरीपासून खडकवासल्यापर्यंत

गडहिंग्लजच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. जवान होण्याची वाट इथल्या घरांना तोंडपाठ आहे. अधिकारी होण्याची वाट मात्र अनेकांना अजून परकी वाटते. खरं तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून मुलांना याच वाटेसाठी तयार करते आहे.

अधिकारीपदासाठीची निवड पाच दिवस चालते. दोरी, फळी देऊन गटाला अडथळा ओलांडायला सांगतात. चपळाईने एकटाच पलीकडे गेलेला तिथे फारसा भाव खात नाही. मागच्याला हात कोण देतो, दुसऱ्याची युक्ती कोण ऐकतो, हे पाहतात. मग खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षं; 2022 पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे. पुढे लष्करात जाणाऱ्यांना डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत एक वर्ष. पळणं, कवायत, अपुरी झोप असतेच, पण शरीर तसं लवकर रुळतं. ‘मी’ मागे सारायला वेळ लागतो. तिथल्या चेटवुड सभागृहात क्रमच लिहून ठेवलाय: आधी देश, मग आपले जवान, स्वतःची सोय सर्वांत शेवटी.

हा क्रम समजून घ्यायला लांब जायला नको, आपल्याच तालुक्यात नेसरी आहे. 1674 च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांचे सरनौबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्या धैर्यापुढे मान झुकतेच. तरी अधिकारी होऊ पाहणाऱ्याने तिथे उभं राहून एक अवघड प्रश्न विचारावा: सरनौबत पडल्यावर मागच्या फौजेने त्या संध्याकाळी कुणाकडे पाहिलं असेल? त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा सरनौबत होते हंबीरराव मोहिते.